लशींचा फ्रिज वारंवार २ अंशांखाली जातो: कारण कसं शोधायचं आणि आतल्या लशींचं काय करायचं

लशी २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात, आणि तक्रार साधारण अशी असते. दिवसभर फ्रिज ४-५ अंश सेल्सिअस दाखवतो. सकाळी काम सुरू करताना किमान-कमाल तापमान बघितलं की कमाल ६, किमान मात्र ०.५, कधी उणे १. थर्मोस्टॅट जरा फिरवला की तीन-चार दिवस बरे जातात आणि मग पुन्हा तेच.

थर्मामीटर रीसेट करून कामाला लागणं हा यावरचा सर्वांत रूढ आणि सर्वांत घातक उपाय आहे. मी स्वतः पहिली दोन वर्षं फक्त कमाल आकडा बघत असे. ८ च्या वर गेला नाही, म्हणजे लस सुरक्षित. थंडीनं लशीचं काय बिघडणार, असंच वाटायचं. आज मी किमान आकडा आधी वाचतो, कारण फार्मसीतल्या फ्रिजमध्ये लस उन्हाळ्याइतकीच, बऱ्याचदा त्याहून जास्त, थंडीनं खराब होते आणि तिच्याकडे बघून ते कळतही नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात साठवणीदरम्यान लशी शिफारशीपेक्षा जास्त थंड झाल्याचं प्रमाण श्रीमंत आणि गरीब दोन्ही प्रकारच्या देशांत एक तृतीयांशाच्या आसपास आढळलं होतं. म्हणजे हा त्रास फक्त तुमच्याकडचा नाही.

आधी नोंद, मग लशी बाजूला, मग फ्रिज

रीसेटचं बटण दाबण्याआधी सगळं लिहून घ्या: किमान, कमाल, आत्ताचं तापमान, आत्ताची वेळ, खोलीचं तापमान आणि याआधीची नोंद कधी घेतली होती ते. डेटा लॉगर असेल तर त्यातली फाइल उतरवून ठेवा. लस बनवणाऱ्या कंपनीला फोन केलात की पहिला प्रश्न येतो तो 'किती वेळ?' हाच. किमान-कमाल थर्मामीटरकडे याचं उत्तर नसतं. तो फक्त सांगतो की कधीतरी ०.५ झालं होतं. दहा मिनिटं की दहा तास, हे त्याला ठाऊक नाही. हा त्रास एकदा जरी झाला असेल तरी सतत नोंद घेणारा लॉगर घ्या, निदान दर ३० मिनिटांनी नोंदवणारा. त्याच्याशिवाय पुढचं निदान अंधारात चाचपडणं आहे.

मग त्या फ्रिजमधल्या सगळ्या लशी एका डब्यात किंवा पिशवीत एकत्र करा, वर 'वापरू नका' असं ठळक लिहा आणि २ ते ८ अंशांत स्थिर असल्याची खात्री असलेल्या दुसऱ्या फ्रिजमध्ये ठेवा. फेकू नका, कारण निर्णय अजून झालेला नाही. 'आता ही बादच झाली असेल' असं म्हणून टेबलावरही ठेवू नका, कारण कदाचित ती चांगली असेल आणि तुम्ही तिला टेबलावर बाद कराल. सोबत यादी हवी: लशीचं नाव, बॅच क्रमांक, मुदत, किती कुप्या, त्यातल्या उघडलेल्या किती, आणि हीच बॅच याआधी कधी मर्यादेबाहेर गेली होती का. शेवटचा मुद्दा बरेच जण सोडतात. उष्णतेचं नुकसान बेरजेनं वाढत जातं. लस पुन्हा थंड केली म्हणून तिची गेलेली ताकद परत येत नाही, त्यामुळे मागच्या महिन्यातले तीन तास आणि आजचे चार तास कंपनीला एकत्र सांगावे लागतात.

थंडी नेमकं काय बिघडवते

हिपॅटायटिस बी, घटसर्प-धनुर्वात-डांग्या खोकला, पेंटाव्हॅलंट, न्यूमोकोकल काँजुगेट, एचपीव्ही या लशींत अॅल्युमिनियमचा क्षार असतो. लशीचा मुख्य घटक, म्हणजे प्रतिजन, या क्षाराच्या अतिशय बारीक कणांना चिकटलेला असतो आणि हे कण द्रवात सारखे विखुरलेले असतात. पाणी गोठतं तेव्हा स्फटिक शुद्ध पाण्याचे बनतात आणि हे कण त्यांच्या मधल्या फटींत कोंबले जाऊन एकमेकांना चिकटतात. बर्फ वितळतो, गुठळ्या मात्र सुटत नाहीत. हिपॅटायटिस बीची लस उणे ०.५ अंशाच्या आसपासच गोठते, म्हणजे घरच्या फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकलेली कुपी या तापमानाला सहज पोहोचते. अॅल्युमिनियम नसलेल्या इन्फ्लुएंझा आणि इंजेक्शनच्या पोलिओ लशीलाही गोठणं सोसत नाही.

इथे दोन गोष्टी फसवतात. एक, शून्याखाली गेलेला द्रव दर वेळी गोठतोच असं नाही. हलवाहलव झाली नाही तर तो काही काळ द्रवच राहतो. त्यामुळे उणे १ चा आकडा म्हणजे लस गोठलीच असा पुरावा नाही, आणि कुपी आत्ता द्रव दिसते म्हणून ती गोठली नव्हती असाही नाही. दोन, कुपीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे रंग बदलणारी खूण. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असला की लस वापरायची, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ती खूण फक्त उष्णता मोजते. रात्रभर बर्फात राहिलेल्या कुपीचा व्हीव्हीएम तितकाच फिका, तितकाच छान दिसतो.

आलेख काय सांगतो

आता फ्रिजकडे वळू. सर्वांत आधी खात्री करा की आकडा खरा आहे. बारीक कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी एका भांड्यात दाट कालवा, प्रोब (थर्मामीटरचं तापमान मोजणारं टोक) त्यात बुडवून भांड्याच्या तळाला व बाजूंना न टेकवता ठेवा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. ० च्या अर्ध्या अंशाच्या आत यायला हवा. नाही आला तर तुम्ही महिनाभर थर्मामीटरची चूक फ्रिजवर ढकलत होता. ही घरगुती तपासणी कॅलिब्रेशनच्या प्रमाणपत्राची जागा घेत नाही. तिच्यामुळे प्रमाणपत्राची मुदत संपली आहे का ते बघायची आठवण तेवढी होते.

प्रोब नुसता हवेत लटकतोय का तेही बघा. हवा क्षणात थंड होते, कुपीतला द्रव होत नाही. दार उघडलं, पंखा सुरू झाला, की हवेतला प्रोब उड्या मारतो आणि तुम्ही प्रत्येक उडीला घाबरता. ग्लायकॉलच्या बाटलीत बसवलेला प्रोब लशीसारखा सावकाश बदलतो. तो लशींच्या मधोमध ठेवा, दाराजवळ किंवा थंड हवेच्या झरोक्यासमोर नाही. फ्रिजच्या दारावरचा आकडा तर निदानात धरूच नका. तो फ्रिजच्या स्वतःच्या सेन्सरपाशी काय चाललंय ते सांगतो, लशीपाशी नव्हे.

यानंतर लॉगरचा निदान आठवडाभराचा आलेख समोर घ्या. माझ्या अनुभवात निम्मं निदान इथेच होतं.

निरोगी फ्रिजचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा असतो: कॉम्प्रेसर चालू, तापमान खाली, बंद, तापमान वर. ही अख्खी करवतच खाली सरकली असेल, दाते तेच पण मधली रेघ ३ वर, तर सेटिंग जास्त थंडीचं आहे किंवा खोलीचं हवामान बदललं आहे. उन्हाळ्यात बरोबर बसवलेला थर्मोस्टॅट थंडीच्या दिवसांत लस गोठवू शकतो. आणि अगदी साधी गोष्ट: बहुतेक फ्रिजच्या चक्रीवर मोठा आकडा म्हणजे जास्त थंडी, जास्त तापमान नव्हे. '२ वर होता, फार थंड झाला म्हणून ४ वर केला' असं मी एकाहून अधिक अनुभवी लोकांच्या तोंडून ऐकलं आहे. मदतीला धावलेल्या सहकाऱ्यानं नेमकी उलटी दिशा धरलेली असते. चक्रीशेजारी कागद चिकटवून 'इकडे थंड' असा बाण काढा, आणि चक्रीला हात लावायचा अधिकार एकाच व्यक्तीला द्या.

करवत ठीक आहे, पण ठरावीक तासांनी आधी एक उंच टोक आणि लगेच एक खोल दरी दिसते? हे आपोआप होणारं डीफ्रॉस्ट. बर्फ वितळवण्यासाठी फ्रिज थोडा वेळ गरम होतो, मग ती भरपाई करायला कॉम्प्रेसर लांब धावतो. दरी २ च्या वरच थांबत असेल तर काळजी नको. खाली जात असेल तर सगळी करवत थोडी वर उचलायची, म्हणजे मधली रेघ ५ वर आणायची. मुळात ५ हेच लक्ष्य हवं. ३ वर लक्ष्य ठेवणारे उष्णतेच्या भीतीपोटी थंडीच्या बाजूची सगळी जागा खर्च करून बसतात.

दरी माल आल्याच्या दिवशीच दिसते? मग तो माल कुठे ठेवला ते बघा. सेन्सरजवळ नवे, तुलनेनं उबदार खोके रचले की फ्रिजला वाटतं अख्खा फ्रिज तापला. तो धावत राहतो आणि मागच्या रांगेतला जुना साठा गोठतो. झरोका खोक्यांनी बुजला तरी हेच होतं: हवा फिरत नाही, एका कोपऱ्यात हिमनग आणि दुसऱ्यात ९ अंश. हा बिघाड फसवा आहे, कारण प्रोब नेमका कुठल्या कोपऱ्यात आहे त्यावर तुमची नोंद 'गरम' की 'थंड' ते ठरतं.

वीज गेली आणि परत आली, त्यानंतर दरी? तेही साहजिक आहे. परतल्यावर कॉम्प्रेसर बराच वेळ सलग चालतो. वीज गेल्यावर दार उघडू नका, वेळ लिहून ठेवा, आणि आल्यावर कमाल आकडा बघून सुटकेचा निःश्वास टाकण्याआधी पुढच्या काही तासांचा किमान आकडाही बघा. फ्रिजचा प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये असावा, एक्स्टेंशन बोर्डवर नको, आणि त्यावर 'काढू नका' असं लिहिलेलं असावं. साफसफाईसाठी काढलेला प्लग हे वीज जाण्याचं एक फार नेहमीचं कारण आहे.

आणि दरी रोज रात्रीच, दार बंद असताना? फ्रिज आणि फ्रीझर एकाच कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या घरगुती फ्रिजमध्ये हे बऱ्याचदा दिसतं. खालच्या कप्प्यात येणारी थंडी मुळात फ्रीझरमधून झरोक्यातून सोडलेली असते. दिवसा दार उघडझाप करतं, उबदार हवा आत येते आणि हिशेब जुळतो. रात्री उबदार हवा येत नाही, खोलीही गार होते आणि झरोक्याजवळचा वरचा कप्पा शून्याकडे जातो.

जागा बदला, मग चक्री

म्हणून चक्री फिरवण्याआधी मांडणी बदला. वरच्या कप्प्यात झरोक्याखाली लशी नकोत. तिथे पाण्याच्या बाटल्या ठेवा, झरोका न बुजवता. तळाच्या भाजीच्या खणात आणि दारातही लशी नकोत, तिथेही पाण्याच्या बाटल्या. पाणी थंडी धरून ठेवतं, त्यामुळे दार उघडल्यावर तापमान कमी उडतं, कॉम्प्रेसर कमी दचकतो, आणि वीज गेली तर थोडा जास्त वेळ हाताशी राहतो. लशी मधल्या कप्प्यांत, भिंतींपासून ५-७ सेंटिमीटर दूर, जाळीच्या ट्रेमध्ये, खोक्यांच्या मध्ये हवेला वाट ठेवून. मूळ खोक्यातच ठेवा. गोवर, गोवर-गालगुंड-रुबेला, बीसीजी यांना उजेडही सोसत नाही.

एक प्रकारचा फ्रिज मात्र मांडणीनं सुधारत नाही: एकाच दारामागे छोटा बर्फाचा कप्पा असलेला लहान फ्रिज. त्या कप्प्याच्या आसपास काहीही गोठतं आणि तुम्ही चक्री कुठेही ठेवलीत तरी दोन टोकांमधलं अंतर ६ अंशांपेक्षा जास्त राहतं. त्याच्यावर मी पाच आठवडे घालवले आहेत. तुम्ही घालवू नका. तो फ्रिज लशींच्या कामाचा नाही, बदला.

मांडणी झाल्यावर किमान आकडा अजून खाली असेल तर चक्री थोडीशीच फिरवा आणि दर अर्ध्या तासानं बघत राहा, तापमान स्थिर होईपर्यंत. एका वेळी एकच बदल. दोन बदल एकाच दिवशी केलेत की कशानं गुण आला ते कधीच कळत नाही, आणि मग पुढच्या ऋतूत हीच तक्रार परत येते. त्यानंतर लशींशिवाय, फक्त पाण्याच्या बाटल्या ठेवून, २ ते ७ दिवस रोज दोनदा किमान-कमाल लिहा. सगळे आकडे २ ते ८ मध्ये आले तरच लशी परत आणायच्या.

फ्रिज निर्दोष असेल तर

एकदा माझ्या लॉगरचा आलेख महिनाभर सरळ होता आणि तरीही हिपॅटायटिस बीच्या काही कुप्या हलवल्यावर दाणेदार गाळ झपाट्यानं तळाशी बसत होता. बराच शोध घेतल्यावर कळलं की माल येतो त्या पेटीत बर्फाचे पॅक फ्रीझरमधून काढून तसेच, कुप्यांना टेकवून ठेवले जात होते. फ्रीझरमधून नुकताच काढलेला पॅक शून्याच्या बराच खाली असतो. तो बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत थांबायचं असतं. तोवर पॅक ० अंशावर आलेला असतो. गोठण्याला घाबरणाऱ्या लशींसाठी तर थंड पाण्याचे पॅक जास्त बरे. तेव्हापासून पेटी आली की मी आधी आतला थर्मामीटर बघतो, पॅकला हात लावून बघतो, आणि मगच पावतीवर सही करतो. पेटी टेबलावर ठेवून 'जेवण झाल्यावर बघू' हे चालत नाही. आलेली लस पहिल्या काही मिनिटांत फ्रिजमध्ये गेली पाहिजे, आणि जुनी पुढे, नवी मागे नव्हे, तर ज्याची मुदत आधी संपते ती पुढे. बहुतेक वेळा ते एकच असतं, नेहमी नसतं.

बाजूला ठेवलेल्या लशींचा निर्णय

हा निर्णय डोळ्यांनी होत नाही. कंपनीला किंवा तुमच्या भागातल्या लसीकरण कार्यक्रमाला फोन करा, आकडे द्या, आणि त्यांचं उत्तर लेखी घ्या: तारीख, संदर्भ क्रमांक, कोणत्या बॅचसाठी. प्रत्येक लशीची स्थिरता वेगळी असते. एकाच फ्रिजमधल्या एका लशीला 'वापरा' आणि दुसरीला 'नष्ट करा' असं उत्तर येऊ शकतं. गोठणं न सोसणाऱ्या लशीची पूर्ण गोठलेली कुपी हातात आली, तर मात्र विचारण्यासारखं काही उरत नाही, ती बाद.

शेक टेस्टबद्दल नेहमी विचारलं जातं. अॅल्युमिनियम असलेल्या लशींसाठी ती खरोखर उपयोगी चाचणी आहे, पण तिची एक अट बरेच जण विसरतात: तुलनेसाठी मुद्दाम गोठवलेली कुपी लागते. तीच लस, तीच कंपनी, तीच बॅच. एक कुपी रात्रभर फ्रीझरमध्ये घट्ट गोठवा, बाहेर काढून आपोआप वितळू द्या, गरम करू नका, आणि तिच्यावर 'गोठवलेली' असं लिहा, म्हणजे ती चुकून वापरात येणार नाही. मग ती आणि संशयित कुपी एकाच हातात धरून १०-१५ सेकंद जोरात हलवा, सपाट जागेवर शेजारी शेजारी ठेवा आणि ३० मिनिटांपर्यंत बघत राहा. गोठवलेल्या कुपीत गाळ लवकर तळाशी बसतो. संशयित कुपीत तितक्याच वेगानं किंवा त्याहून लवकर बसला तर ती खराब आहे. स्पष्टपणे हळू बसला तर ती गोठलेली नव्हती. तुलनेची कुपी नसताना नुसती एक कुपी हलवून 'ठीक दिसतेय' म्हणणं ही शेक टेस्ट नाही. आणि इंजेक्शनच्या पोलिओ लशीसाठी, इन्फ्लुएंझासाठी किंवा पावडरच्या लशींसाठी ती चालतच नाही.

तपास करताना कळलं की त्या बॅचमधले डोस आधीच लोकांना दिले गेले आहेत, तर ते दाबू नका. गोठलेल्या लशीनं सहसा गंभीर इजा होत नाही, टोचलेल्या जागी त्रास थोडा वाढू शकतो. पण माणूस आपण सुरक्षित आहोत असं समजून फिरतो आणि तो नसतो. त्याला शोधून, डॉक्टरांशी बोलून, डोस पुन्हा द्यायचा की नाही हे ठरवावं लागतं. डोसच्या वेळी बॅच क्रमांक नोंदवलेला असेल तरच हे शक्य होतं.

टोचण्याच्या दिवशी हाच फ्रिज

गर्दीच्या दिवशी फ्रिजचं दार सतत उघडतं आणि त्यावर तोडगा म्हणून कोणी तरी सकाळीच वीस सिरिंज भरून फ्रिजमध्ये ठेवतं. असं करू नका. सिरिंजचं प्लॅस्टिक साठवणीसाठी बनवलेलं नसतं, निर्जंतुकतेची खात्री राहत नाही, आणि सगळ्या भरलेल्या सिरिंज सारख्याच दिसतात. त्यापेक्षा तासाभरात लागतील तेवढ्याच कुप्या, थर्मामीटर असलेल्या छोट्या थंड पेटीत काढा.

पावडरच्या लशींसाठी डायल्युएंट (पावडर विरघळवायचा द्रव) त्याच लशीसोबत आलेला हवा, दुसरा कुठलाही नाही, निर्जंतुक पाणी समोर असलं तरी नाही. तो कधीही गोठवायचा नाही, पण मिसळण्याआधी थंड केलेला असावा. मिसळल्याची वेळ कुपीवर लिहा. गोवर, गोवर-रुबेला, बीसीजी या मिसळलेल्या लशी ६ तासांनंतर किंवा सत्र संपल्यावर, जे आधी येईल तेव्हा, टाकून द्यायच्या. माहितीपत्रकात त्याहून कमी वेळ दिला असेल तर तो पाळायचा. त्यांत जंतुरोधक नसतं आणि उघड्या कुपीत वाढलेल्या स्टॅफिलोकोकस या जीवाणूनं मुलं दगावली आहेत.

लशींच्या फ्रिजमध्ये लशी आणि डायल्युएंट सोडून दुसरं औषध नको, हा नियम मी कुणासाठीही वाकवत नाही. २०१४ मध्ये सीरियातल्या इदलिबमध्ये गोवराच्या लशीत डायल्युएंटऐवजी अॅट्राक्युरियम हे स्नायू शिथिल करणारं औषध मिसळलं गेलं आणि १५ मुलं दगावली. २०१८ मध्ये सामोआत अशाच चुकीनं दोन बाळं गेली. लशीवरचा लोकांचा विश्वास ढासळला आणि पुढच्या वर्षी तिथे गोवराच्या साथीत ८३ जण मेले. अॅट्राक्युरियमही २ ते ८ अंशांतच ठेवायचं असतं. दोन सारख्या दिसणाऱ्या छोट्या बाटल्या एका कप्प्यात यायला एवढं कारण पुरतं.

दोन भागांच्या लशींत उलट चूक होते: नुसता द्रव टोचला जातो आणि पावडर खोक्यातच राहते. काही संयुक्त लशींत द्रवात घटसर्प-धनुर्वात-डांग्या खोकला आणि पोलिओ असतो, हिब (मेंदूज्वर आणि न्यूमोनिया करणाऱ्या जीवाणूविरुद्धचा भाग) पावडरमध्ये. बाळ रडलं, टोचलं, नोंद झाली, आणि हिबपासून संरक्षण शून्य. दोन्ही भाग एकाच रबरबँडनं बांधून ठेवा.

टोचताना सर्वांत जास्त चुकणारी जागा खांदा. उभं राहून, बसलेल्या माणसाला, शर्ट गळ्याकडून खाली ओढून टोचलं की सुई सहज वर जाते, सांध्याच्या पिशवीत शिरू शकते, आणि मग महिनोन् महिने हात वर होत नाही. तुम्हीही बसा. बाही खालून वर गुंडाळा. खांद्याचं हाडाचं टोक चाचपा आणि त्याच्या दोन-तीन बोटं खाली, स्नायूच्या जाड भागात, ९० अंशांत टोचा. बहुतेक प्रौढांना २५ मिलिमीटरची सुई पुरते, जाड दंडाला ३८. वर्षाच्या आतल्या बाळांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला. नितंबात नको.

नंतर १५ मिनिटं बसवून ठेवा, पूर्वी तीव्र अॅलर्जी झालेल्यांना ३०. किशोरवयीन मुलं चक्कर येऊन पडतात आणि डोकं आपटतं. घेरी आलेल्याची नाडी मंद असते, तो आडवा झाला की सावरतो. अंगावर गांध्या, श्वासाला घरघर, रक्तदाब कोसळलेला आणि नाडी वेगानं चालणारी असेल तर ती घेरी नाही. अॅड्रेनॅलिन १:१००० मांडीच्या स्नायूत, दर किलो वजनाला ०.०१ मिलिग्रॅम, प्रौढांत जास्तीत जास्त ०.५ मिलिग्रॅम, आणि गरज पडली तर ५ ते १५ मिनिटांनी पुन्हा. सोबत रुग्णवाहिका बोलवा. अॅड्रेनॅलिनची मुदत आणि रंग महिन्यातून एकदा बघा. ते फ्रिजमध्ये ठेवायचं नसतं, टोचण्याच्या खुर्चीपासून हात पुरेल तिथे ठेवायचं असतं.

चाचणीचे दिवस संपल्यावर

रिकाम्या फ्रिजचे आकडे त्या २ ते ७ दिवसांत २ ते ८ मध्ये राहिले तर लशी परत आणा, एकदम सगळ्या नाही. आधी अर्धा साठा, दुसऱ्या दिवशी आलेख बघून उरलेला. साठा वाढला की हवा फिरण्याची वाट बदलते आणि जुनी दरी कधी कधी तेव्हाच परत दिसते.

प्रोब तपासला, मांडणी बदलली, चक्री एकदा नीट बसवली, आणि तरीही किमान आकडा पुन्हा २ च्या खाली आला, तर चक्रीला आणखी हात लावू नका. बहुधा थर्मोस्टॅट किंवा फ्रीझरमधून हवा सोडणारी झडप निकामी झाली आहे. दुरुस्तीला माणूस बोलवा आणि त्याला छापलेला आलेख दाखवा. नाही तर तो आत हात घालून 'मस्त थंड आहे' म्हणून निघून जाईल. दुरुस्तीनंतर पुन्हा सुरुवातीपासून: पाण्याच्या बाटल्या, रोज दोनदा नोंद, २ ते ७ दिवस.